दोघांकडची

मक्याच्या कणसांचा ढीग अंगणाच्या मधोमध होता आणि सासू-सून त्याच्या दोन बाजूंना बसून सोलत होत्या. सोबतीणबाई फाटकातून आत आली तेव्हा दोघींनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा हात चालू केले. या म्हणायला कोणी तोंड उघडलं नाही. तिनं आपणच एक रिकामी गोणी ओढून अंथरली, पिशवी मांडीशी घेतली आणि एक कणीस उचललं.

ज्या घरातला माणूस मारला गेला आहे त्या घरात रिकाम्या हातांनी बसू नये, हे ती कामात शिकली होती. हात गुंतलेले असले की समोरचा माणूस आपल्याकडे न बघता बोलू शकतो.

तिच्या कामाचं सरकारी नाव लांबलचक होतं. ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांना पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत सोबत करायची. कोर्टात कुठं बसायचं, कोण काय विचारेल, तारीख का पुढं गेली, ते समजावून सांगायचं, आणि कोणाला घेरी आली तर पाणी पाजायचं. लोकांनी त्या लांबलचक नावाचं सोबतीणबाई करून टाकलं होतं. बाजारात तिला बघून माणसं वाट बदलायची. ती ज्याच्याशी उभं राहून बोलेल त्याच्या घरी काहीतरी वाईट झालंय, अशी कुजबुज लगेच सुरू व्हायची. तिचा नवरा शिंपी होता. तो म्हणायचा, "शिंप्याची बायको असून हिला नवे कपडे लागत नाहीत. हिला आनंदाच्या घरचं बोलावणंच कुठं येतं."

या घरात गेल्या उन्हाळ्यात भावानं भावाला मारलं होतं. शेत दोघांत वाटलं गेलं होतं, पण पाट एकच. त्या वर्षी पाटाला पाणी म्हणजे नुसती ओल होती. त्या दिवशी पाळी धाकट्याची होती आणि थोरल्यानं त्याच्या वाफ्याकडचं मातीचं दारं फोडून पाणी आपल्या वाफ्यांत वळवलं. बांधावर शब्दाला शब्द लागला. धाकट्याच्या हातात फावडं होतं. त्यानं ते एकदाच मारलं. मग ते तिथंच टाकून तो खाली बसला आणि पोलीस येईपर्यंत उठला नाही. हे सगळं बघणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे दोघांची आई.

थोरल्याला मूलबाळ नव्हतं. मागं राहिली ती त्याची बायको. थोरली सून म्हणून तिला सगळे थोरलीच म्हणायचे. धाकट्याचं लग्न झालं नव्हतं. तेव्हापासून या दोघी बायका एका घरात, एका चुलीवर राहत होत्या आणि दोन्ही वाटण्यांतलं शेत दोघींनी मिळून पेरलं होतं.

"तारीख लागली," सोबतीणबाई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात. मावशी, तुमची साक्ष आहे."

म्हातारीनं कणसाची साल ओढली. तिचं डावं मनगट वाकडं होतं. त्याच दिवशी पाटात घसरून पडली आणि हाड मोडलं, ते नीट बसलंच नाही. त्यामुळे ती कणीस दोन गुडघ्यांत धरायची आणि उजव्या हातानं सोलायची. थोरलीची तीन व्हायची तेव्हा हिचं एक व्हायचं.

"किती वेळ उभं करतात?" म्हातारीनं विचारलं.

"बसायला स्टूल मागू आपण. मी आधीच सांगून ठेवते."

"न विचारलेलं सांगावं लागतं का?"

सोबतीणबाईचा हात थांबला. "विचारतील तेवढंच सांगायचं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. खोटं तेवढं बोलायचं नाही."

थोरलीनं सोललेलं कणीस जरा जोरात ढिगावर टाकलं. "ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही नेमक्या कोणाच्या सोबतीला आहात? माझ्या का यांच्या?"

"दोघींच्या."

"यांचा एक गेला, एक आत आहे. माझा एकच होता." ती सासूकडे न बघता बोलत होती. "यांनी तिथं जाऊन पाय घसरला, दगडावर पडला असं म्हटलं, तरी तुम्ही यांनाच पाणी पाजणार ना?"

"पाजणार," सोबतीणबाई म्हणाली. "तुम्हालाही पाजेन."

थोरलीनं मान खाली घातली.  सालींचा कोरडा आवाज तेवढा बराच वेळ येत राहिला.

पाय घसरला हे वाक्य पुतण्याचं होतं. म्हातारीच्या दिराचा हा मुलगा मोटारसायकलवरून यायचा आणि गाडी बंद न करताच फाटकातून बोलायचा. मळणीचं यंत्र गावात त्याच्याकडेच होतं. धाकट्यासाठी वकीलही त्यानंच लावला होता. त्या दिवशीही तो आला. सोबतीणबाईला बघून त्याचा आवाज जरा मऊ झाला.

"काकू, झालं ते झालं. गेलेला परत येत नाही, आहे त्याला तरी घरी आणू. तुम्ही दोन शब्द बोलायचे, पाय घसरला. तेवढ्यानं काम होतंय." मग थोरलीकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुमचंही शेत बघायला घरात कोणी पुरुष माणूस हवा का नको?"

थोरली उठून घरात गेली.

"मशीन कधी पाठवतोस?" म्हातारीनं विचारलं.

"तारीख होऊ दे," पुतण्या म्हणाला. "मग बघू."

तारखेच्या आधी सोबतीणबाईनं म्हातारीला शहरात नेलं आणि रिकामं कोर्ट दाखवलं. हे ती प्रत्येकासाठी करायची. परकी जागा एकदा डोळ्यांखालून गेली की पाय कमी लटपटतात. दुपारची सुट्टी होती. शिपाई खुर्च्या पुसत होता. म्हातारीनं साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या लाकडी कठड्यावर हात ठेवून पाहिला. किती हातांनी घासून तो कठडा गुळगुळीत झाला होता.

"न्यायाधीशबाई तिथं बसतील. सरकारी वकील इथं उभे राहतील. आधी ते विचारतील, मग तुमच्या मुलाचा वकील विचारेल."

"आणि तो कुठं असेल?"

"त्या कोपऱ्यात. दोन पोलिसांच्या मध्ये." सोबतीणबाईनं तिकडं बोट दाखवलं. "त्याच्याकडे बघायला नको वाटत असेल तर मध्ये पडदा लावता येतो. मागितला की देतात."

म्हातारी कोपऱ्यातल्या बाकाकडे बघत राहिली. "पडदा कशाला," ती म्हणाली. "मला भेटायला येत होता का तो इतके दिवस. बघू तरी द्या."

जाताना जिन्यात सरकारी वकील भेटले. सोबतीणबाईला बाजूला घेऊन ते म्हणाले, "म्हातारी फिरणार नाही ना? माझ्याकडे दुसरं कोणी नाही. घरी जाऊन जरा तयार करा तिला. सुनेचं आयुष्य आहे, एवढं तरी पटवा."

"साहेब, काय बोलायचं ते मी सांगू शकत नाही. तुम्हालाही माहीत आहे."

"सांगू नका. पण सोबत आहात तर सोबतीचा काही उपयोग होऊ दे," ते म्हणाले आणि घड्याळ बघत निघून गेले.

तारखेच्या दिवशी सकाळी तिघी पहिल्या बसनं गेल्या. कोर्टाच्या दारात बाईपोलिसानं पिशव्या उपसल्या. म्हातारीच्या पिशवीत कणसं सोलायचा लोखंडी काटा निघाला. सवयीनं ती तो बरोबर घेऊन आली होती. तो काढून घेतला, आणि मागच्या रांगेतले लोक हसले. थोरलीनं मान दुसरीकडे वळवली.

वरच्या मजल्यावर कोर्टाबाहेर दोन बाकं होती. तिथं एक कारकून उभा होता. "मयताकडचे इकडं बसा, आरोपीकडचे तिकडं," तो सगळ्यांना सांगत होता. "भांडणं होतात नाहीतर." मग म्हातारीला म्हणाला, "आजी, तुम्ही कोणाकडच्या?"

"दोघांकडची."

कारकुनानं सोबतीणबाईकडे पाहिलं. तिनं खाली बघून मान हलवली. "बरं," कारकून म्हणाला, "पण बाक दोनच आहेत. एकीकडे कुठंतरी बसा."

थोरली मयताकडच्या बाकावर बसली. पलीकडच्या बाकावर पुतण्या पाय पसरून बसला होता. त्यानं म्हातारीसाठी जागा करून दिली. म्हातारी दोन्ही बाकांच्या मध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. सोबतीणबाई तिच्याजवळ उभी राहिली. गुडघे दुखायला लागल्यावर तिनं भिंतीला पाठ लावली. दुपार टळून गेली. मग कळलं की बचावाच्या वकिलांना ताप आलाय, तारीख पुढं गेली आहे.

परतताना बसमध्येच आभाळ भरून आलं. घरी पोचेपर्यंत पाऊस लागला होता. अवेळी आलेला पाऊस पिकाचं सोनं करत नाही, माती करतो. अंगणातला सोललेला मका उघडाच होता. घरी कोणीच नव्हतं तर झाकणार कोण. तिघींनी हाताला लागेल ते घेतलं, गोणपाट, चटया, थोरल्याचा जुना रेनकोटसुद्धा. सोबतीणबाईची चप्पल चिखलात रुतून राहिली. ती तशीच अनवाणी टोपल्या वाहत होती. ढिगाचा खालचा थर भिजला तो भिजलाच. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यातल्या काही कणसांना मोड आले आणि बाकीच्यांना बुरशीचा वास यायला लागला. पुतण्याचं यंत्र काही आलं नाही.

त्या दिवसांत थोरली सासूचं वाकडं मनगट रात्री झोपताना शेकून द्यायची. थंडी-पावसात ते ठणकायचं. सोबतीणबाईला हे थोरलीनंच सांगितलं. सांगताना तिचा स्वर तक्रारीचा होता. "राग येतो मला यांचा. यांच्या तोंडातून अजून एक शब्द निघत नाही माझ्या नवऱ्याबद्दल. तरी हात शेकते. काय करू, हात तर दुखतोच ना."

दुसऱ्या तारखेला साक्ष झाली.

म्हातारी पिंजऱ्यात उभी राहिली. स्टूल दिलं होतं, पण ती बसली नाही. खरं बोलेन म्हणून शपथ घेताना तिचा वाकडा हात कठड्यावर होता. धाकटा कोपऱ्यात होता. त्याची दाढी वाढली होती आणि सदरा अंगावर सैल झाला होता. आई आत आली तेव्हा त्यानं एकदा पाहिलं, मग बोटांची नखं बघत बसला.

सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी बांधावर काय पाहिलंत?"

"धाकट्यानं थोरल्याला फावडं मारलं."

"कुठं लागलं?"

"इथं." तिनं कानामागं हात नेला.

"पाय घसरून पडला असं झालं का?"

"नाही. पाय घसरला नाही. मारलं. माझ्यासमोर मारलं."

मागं बसलेल्या थोरलीच्या तोंडून श्वास सुटला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तिनं सोबतीणबाईचं मनगट धरलं आणि घट्ट आवळलं. पुतण्या उठून बाहेर निघून गेला.

मग बचावाचे वकील उभे राहिले. त्यांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी नजर कमी झाली आहे का, चष्मा आहे का, बांध किती लांब होता, असं काय काय विचारलं. म्हातारीनं चष्मा नाही, डोळे बरे आहेत, मी जवळच होते, असं सांगितलं. शेवटी वकील चिडून म्हणाले, "पोटच्या पोराला तुरुंगात घालायला आलात का?"

 न्यायाधीशबाईंनी वकिलांना खाली बसायला सांगितलं आणि त्या स्वतः पुढं वाकल्या. "आजी, मला एक सांगा. मारण्याच्या आधी काय झालं?"

"भांडण झालं. पाण्यावरून."

"तुम्ही तेव्हा कुठं होतात?"

"मध्ये."

"मध्ये म्हणजे?"

"दोघांच्या मध्ये. सोडवायला गेले होते."

"मग?"

म्हातारीनं कठडा धरला. तिनं मागं वळून थोरलीकडे पाहिलं, आणि मग कोपऱ्यात. धाकट्यानं आता मान वर केली होती. तो नाही नाही अशी मान हलवत होता, हळू, पोलिसांना दिसणार नाही इतकी. सोबतीणबाईच्या ते लक्षात आलं, आणि तेव्हाच तिला कळलं की न विचारलेलं सांगावं लागतं का, हा प्रश्न कशाबद्दल होता.

"आजी, शपथ घेतली आहे तुम्ही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. आवाज कडक नव्हता. "मग काय झालं?"

"थोरल्यानं माझा हात पिरगळला," म्हातारी म्हणाली. "मला बाजूला करायला. हाड वाजलं. मी खाली पडले तर त्यानं मला लाथ मारली, मध्ये मरायला येऊ नको म्हणाला. मग धाकट्यानं फावडं उचललं."

 मग थोरली उठून उभी राहिली. सोबतीणबाईच्या मनगटावरचा तिचा हात केव्हा सुटला ते कळलं नाही. "खोटं आहे," ती म्हणाली. ओरडली नाही, कोणाला तरी समजावून सांगावं तसं म्हणाली. "आई, खोटं का बोलता. पाटात पडला होतात तुम्ही. पट्टी मी बांधली."

शिपायानं तिला बाहेर जायला सांगितलं. सोबतीणबाईला उठायचं होतं. तिच्या सोबतीतली एक बाहेर चालली होती आणि दुसरी पिंजऱ्यात उभी होती. ती अर्धी उठली, मग पिंजऱ्यातल्या बाईकडे बघून पुन्हा बसली.

बचावाच्या वकिलांना नवा हुरूप आला. त्यांनी दवाखान्याचा दाखला मागवला. मनगट पडून मोडलं की पिरगळून, हे डॉक्टरांनी येऊन सांगितलं. पिरगळल्यावर हाड तसं मोडतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. धाकट्याला विचारलं तेव्हा तो काहीच बोलला नाही. अटक झाल्यापासून त्यानं स्वतःच्या वकिलालाही हे सांगितलं नव्हतं.

जिन्यात सरकारी वकिलांनी सोबतीणबाईला गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"माहीत असतं तर सांगितलं असतंत का मला?"

ती जिना उतरायला लागली. त्यांना तेच उत्तर वाटलं.

त्या संध्याकाळी थोरलीनं चूल वेगळी केली. घर तेच, भिंत मध्ये नव्हतीच. पडवीच्या एका टोकाला तिनं तीन विटा मांडल्या आणि आपलं पीठ, आपलं मीठ, आपली भांडी उचलून तिकडं नेली. शेताचंही तिनं तसंच केलं. आपल्या वाटणीतला मका ती आपल्या बाजूच्या अंगणात ओढायची. धाकट्याच्या वाटणीतला मका म्हातारी एका हातानं टोपलीत भरून ओढत आणायची, आणि टोपली जड झाली की वाटेत खाली ठेवून बसायची. यंत्र आता कोणालाच मिळणार नव्हतं. थोरली काठीनं कणसं झोडपून दाणे काढायची. म्हातारीला झोडपणं जमत नव्हतं. ती कणसावर कणीस घासून, अंगठ्यानं दाणे सोडवायची. तिच्या अंगठ्याची कातडी सोलली होती.

सोबतीणबाई आली की आता दोन ठिकाणी बसावं लागायचं. आधी थोरलीकडे, मग म्हातारीकडे. थोरली एकच गोष्ट बोलायची. "माणूस मेला तो मेला. आता मेल्यावरही मारलाय त्याला. गावात बायका माझ्याकडे बघून बोलतात, आईला लाथ मारणाऱ्याची बायको. ते तापट होते, मान्य आहे. माझ्यावर ओरडायचे. पण आईवर हात?" ती विचारायची आणि सोबतीणबाईच्या तोंडाकडे बघायची. "तुम्हाला काय वाटतं, ताई?"

"मी तिथं नव्हते."

"तुम्ही कुठंच नसता," थोरली म्हणायची.

निकाल लागला तेव्हा तो खुनाचा नव्हता. रागाच्या भरात माणूस मारला, असं ठरलं. सात वर्षं शिक्षा. पुतण्या म्हणाला, काकूंनी ऐकलं असतं तर पोरगा सुटलाच असता. सरकारी वकील म्हणाले, ती शेवटचं बोलली नसती तर जन्मठेप झाली असती.  निकालाच्या दिवशी थोरली कोर्टात आलीच नव्हती, शेतात होती.

निकालाबरोबर सोबतीणबाईचं काम संपलं. कार्यालयातल्या मोठ्या बाईंनी तिला नवं प्रकरण दिलं. म्हातारीला तुरुंगात भेटीला जायचं होतं. ते विचारल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "तिथं ती आरोपीची आई असते. आपली नसते." त्यांनी ते वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. नियम तसाच होता. मग सोबतीणबाईनं सुट्टी काढली.

तुरुंगाच्या भिंतीबाहेर पत्र्याखाली भेटीला आलेल्या बायका बसल्या होत्या. एकमेकींना कोणी काही विचारत नव्हतं. म्हातारीनं धुतलेले दोन सदरे आणले होते. ते आत गेले. नाव पुकारल्यावर ती जाळीसमोर जाऊन उभी राहिली. जाळीच्या पलीकडची जागा रिकामीच होती. शेजारच्या जाळीवर एक बाई आपल्या नवऱ्याला घरातल्या शेळीचं सांगत होती.

बऱ्याच वेळानं पहारेकरी परत आला. "येत नाही म्हणतो," तो म्हणाला.

"आजारी आहे का?"

"नाही. येत नाही म्हणतो."

"काही निरोप दिला का?"

पहारेकऱ्यानं सोबतीणबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांगा. त्या ऐकतील."

"म्हणाला," तो कान खाजवत म्हणाला, "दादाबद्दल तिनं तिथं सांगितलं. मग मी वर्षभर तोंड शिवून बसलो ते कशासाठी. तिला सांगा, पुन्हा येऊ नको."

म्हातारीनं मान हलवली, जसं काही तिनंच त्याला हे पढवलं होतं. ती जाळीजवळून लगेच हलली नाही.

"जेवतो का?" तिनं विचारलं.

"जेवतो."

"सगळं?"

"आमच्याकडे उरवायला देत नाहीत, मावशी."

"बरं," ती म्हणाली. "सदरे त्याला देणार ना? का तेही परत?"

पहारेकरी आत जाऊन आला. सदरे त्यानं ठेवून घेतले होते.

परतीच्या बसमध्ये खिडकीची काच नव्हती. धूळ आत येत होती. म्हातारीनं पदर नाकाशी धरला होता. शहर मागं पडलं, दुतर्फा कापलेली शेतं लागली, तेव्हा ती म्हणाली, "बाई, मी कोर्टात बोलले ते आता मागं घेता येतं का?"

"नाही, मावशी. कोर्टात नाही घेता येत."

"घ्यायचं नाही मला," म्हातारी म्हणाली. "नुसतं विचारून ठेवलं."

सोबतीणबाईनं तिला पाण्याची बाटली दिली. ती दोन घोट प्यायली आणि बाटली मांडीत धरून बसली. मग पुढचं वाक्य तिनं जवळजवळ स्वतःशीच म्हटलं. "लहानपणी फार मायेचा होता थोरला. मी आजारी पडले की माझं अंथरूण सोडायचा नाही. त्या वर्षी पाण्यानं डोकं फिरलं सगळ्यांचंच."

घरी पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. थोरली आपल्या बाजूला काठीनं कणसं झोडपत होती. दाणे उडून अंगणभर पसरत होते आणि ती मधूनमधून वाकून ते गोळा करत होती. दोघींना बघून तिची काठी थांबली नाही. म्हातारी आपल्या ढिगाशी जाऊन बसली आणि कणीस उचललं. पुढच्या बसला वेळ होता. सोबतीणबाई तिच्याजवळ टेकली.

 मग काठीचा आवाज थांबला.

"भेटले का भावजी?" थोरलीनं विचारलं. पाठ इकडंच होती.

"नाही. आला नाही."

थोरलीनं काठी भिंतीला लावली. ती मध्ये येऊन उभी राहिली. तिच्या केसांत, भुवयांवर मक्याचा भुसा होता. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच सासूच्या तोंडाकडे सरळ बघत होती.

"आई, आता निकाल लागला. आता कोणाचं काही जायचं नाही आणि यायचं नाही. एकच सांगा मला. यांनी तुमच्यावर हात उचलला होता का?"

म्हातारीनं हातातलं कणीस खाली ठेवलं. सोबतीणबाईनं नजर जमिनीवर ठेवली. दाण्यांच्या मध्ये एक मुंगी आपल्याहून मोठा कोंड्याचा तुकडा ओढत होती. ती तिच्याकडे बघत राहिली.

"नाही गं," म्हातारी म्हणाली. "धाकट्याला वाचवायला बोलले. मी पाटातच पडले होते. तुला माहीतच आहे, तूच पट्टी बांधलीस. थोरल्यानं कधी हात उगारला नाही माझ्यावर."

 थोरली तिथंच खाली बसली, दोन ढिगांच्या मध्ये, धुळीत. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं. यांनी असं केलं नसतं."

"नसतंच केलं."

"मग असं का बोललात. तेवढं बोलायला कसं धजावलात."

"चुकलं," म्हातारी म्हणाली. "पोटच्या पोरासाठी माणूस काय काय करतं. चुकलं माझं."

थोरली रडली. बऱ्याच महिन्यांत ती अशी रडली नव्हती, नाकातून, लहान मुलासारखी, हातांनी तोंड न झाकता. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवायला पुढं झाली नाही. ती बसल्या जागेवरूनच बघत होती. मध्ये एकदा तिनं सोबतीणबाईकडे पाहिलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती. कोर्टाच्या दारात पिशवी तपासताना बघितलं होतं तसंच ते होतं, काढून घ्यायचं असेल तर घ्या, असं.

सोबतीणबाईनं एक कणीस उचललं आणि दाणे सोडवायला लागली.

अंधार पडायच्या आत थोरली उठली. तोंड धुऊन ती आपल्या चुलीशी गेली. तिथून तिचा आवाज आला, रागाचाच, पण पूर्वीच्या रागाचा. "पीठ दोघींचं मळते. तिकडं पुन्हा चूल पेटवू नका. धूर होतो उगाच."

"बरं," म्हातारी म्हणाली.

बसची वेळ झाली होती. सोबतीणबाईनं पिशवी उचलली, साडीवरचा भुसा झटकला. म्हातारी तिला सोडायला फाटकापर्यंत आली. फाटकाच्या लाकडावर हात ठेवून ती उभी राहिली.

"मावशी, आता मी येणार नाही," सोबतीणबाई म्हणाली. "काम पडलं तर निरोप द्या."

"आता कसलं काम पडायचं," म्हातारी म्हणाली. मग तिनं विचारलं, "खरं काय ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"आहे."

"एकीला तरी माहीत असू दे," ती म्हणाली, आणि चुलीकडून हाक आली तशी आत वळली.